बॅटरी जाते कुठे? जुन्या गाडीच्या नोंदी, पावसाळा २०२५

१३ जुलै, रविवार

गाडी परत झोपली. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, सेल्फ मारला की नुसतं कट-कट-कट आणि ते दिवे पण मंद होतात. जूनपासून ही चौथी वेळ. आजपासून लिहून ठेवणार आहे, कारण दर वेळी काय तपासलं ते मी विसरतो आणि पुढच्या रविवारी परत पहिल्यापासून तेच सुरू करतो.

गाडी बाबांची, २००३ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. बॅटरी ३५ एएच (अँपिअर-तास), पाणी घालायची, दोन वर्षं आणि वर दोन-तीन महिने झालेली. कंपनीतून आली तेव्हा नव्हत्या अशा तीन गोष्टी नंतर बसवल्यात, सेंट्रल लॉक, यूएसबीवाला टेप (त्यात कॅसेट जात नाही तरी आमच्याकडे टेपच म्हणतात) आणि रिव्हर्सला पीं-पीं करणारा बझर.

मार्चपर्यंत बाबा रोज गाडी काढायचे, साळवी स्टॉपपासून मिरजोळे एमआयडीसी आणि परत. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्या डोळ्याचं, आणि डॉक्टरांनी नको म्हटलं नव्हतं तरी आईने नको म्हटलं, त्यामुळे आता गाडी मीच काढतो आणि तीही रविवारी, नाहीतर एखाद्या बुधवारी बाबांना बाजारात न्यायचं असेल तर.

आज मीटर लावला तर बॅटरी ११.७४ व्होल्ट. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या वर पाहिजे, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली म्हणजे संपलीच. रत्नागिरीत राहायचा एक फायदा आहे, उताराला तोटा नाही. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून गाडी गल्लीतून सोडली आणि वेग आल्यावर क्लच सोडला, चालू झाली. बाबा वरून ओरडले, "बघ, इंजिन ठणठणीत आहे!" इंजिनबद्दल कोण बोलतंय बाबा.

१५ जुलै

ऑफिस सुटल्यावर एका बॅटरीवाल्याकडे नेली. त्याने हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मापायची नळी) घालून सहाही सेल बघितले, सगळे १.२३०-१.२४० च्या आसपास, म्हणजे पूर्ण भरलेली नाही पण एखादाच सेल मेलाय असंही नाही. मग बॉनेटवर टकटक करून म्हणाला, "साहेब डायनामो गेला. साडेचार हजार. उद्या सकाळी सोडा गाडी."

कशावरून गेला? तर म्हणे अनुभवावरून.

मी म्हटलं बघतो. घरी येऊन चालू गाडीवर मापलं, आयडलला १४.२, हेडलाइट आणि ब्लोअर लावून १३.८. म्हणजे चार्जिंग तर व्यवस्थित होतंय. आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा, त्याच्या भाषेत डायनामो) गेला असता तर गाडी चालू असताना १२ च्या आसपासच घुटमळली असती. साडेचार हजार तूर्तास खिशात.

१९ जुलै, शनिवार

आज बॅटरी काढून पडवीत चार्जरला लावली. ३५ एएचच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर म्हणजे दहावा हिस्सा, याच्यावर घाई करायची नाही. झाकणं सैल करून ठेवली, डिस्टिल वॉटर थोडं घातलं. आईने देव्हाऱ्यातली उदबत्ती पडवीत आणून लावली होती ती आत नेऊन ठेवायला लावली, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. "तुझ्या बॅटरीसाठी देवाला आत ढकल", वगैरे ऐकून घेतलं.

२० जुलै, रविवार

चार्जर काढून पाच-सहा तासांनी १२.६८. आता परीक्षा अशी की बॅटरी गाडीत बसवायची पण मायनसचं टर्मिनल जोडायचंच नाही आणि बुधवारपर्यंत हात लावायचा नाही. तशीच उतरली तर दोष बॅटरीत, नाही उतरली तर गाडी पितेय.

२३ जुलै

१२.६२.

बॅटरी निर्दोष सुटली. गाडीच पितेय. टर्मिनल जोडलं, बाबांना घेऊन मारुती मंदिरापर्यंत जाऊन आलो, गाडी लावली.

२६ जुलै, शनिवार

तीन दिवसांत ११.९. हे बरं झालं, निदान हिशोबाला काहीतरी मिळालं. बॅटरी आता नव्यासारखी नाही, ३५ ची २८-३० धरू. तीन दिवसांत वीसेक एएच गेले असतील तर ७२ तासांनी भागून पावणेतीनशे-तीनशे मिलीअँप. एवढ्या जुन्या गाडीत बंद असताना वीस-तीस मिलीअँप ठीक, पन्नासपर्यंत कोणी काही बोलणार नाही. तीनशे म्हणजे आतल्या छोट्या पाच वॅटच्या बल्बपेक्षा थोडंच कमी. म्हणून पहिला संशय डिकीच्या लाइटवर. फोनवर व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवला, झाकण लावलं, काढला. अंधार. तिथला बल्ब मुळात २०१५ पासूनच गेलेला आहे असं बाबांनी नंतर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं.

मग मीटर सिरीजमध्ये लावायला घेतला. मायनसचं टर्मिनल १० नंबरच्या पान्याने सोडवलं, मीटरची एक वायर पोस्टला, दुसरी क्लॅम्पला, म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून. आणि इथे मी गाढवपणा केला. लाल वायर १० अँपच्या भोकात घालायच्या ऐवजी मिलीअँपच्या भोकात घातली, तिथे आत २०० मिलीअँपचा फ्यूज असतो, आणि वर फ्यूज बॉक्स बघायला म्हणून ड्रायव्हरचा दरवाजा उघडला. दरवाजा उघडला की वरचा दिवा लागतो. मीटर गपकन शून्य. आधी वाटलं चोर सापडला, करंट बंद झाला! दोन मिनिटं खूश होतो. मग लक्षात आलं की वरचा दिवा पण लागत नाहीये.

पाऊस पण असा आला की बॉनेट लावून वर गेलो.

२७ जुलै, रविवार

मीटरचा काचेचा फ्यूज जयस्तंभाजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळाला, पाच घेऊन ठेवले, स्वतःची ओळख असलेली बरी.

आता नीट. सगळे दरवाजे लावले, ड्रायव्हरचा उघडा ठेवावा लागतो कारण फ्यूज बॉक्स गुडघ्याजवळ आहे, म्हणून खांबावरचं दरवाज्याचं बटण चिकटपट्टी लावून दाबून ठेवलं. लाल वायर १० अँपच्या भोकात. किल्ली खिशात. आकडा स्थिर झाल्यावर मग मिलीअँपवर घेतली.

२२ मिलीअँप.

परत बघितलं. २२. अर्धा तास थांबलो, चहा घेतला, २२. एकेक फ्यूज काढून बघितला. "रूम" लिहिलेला १० अँपचा काढला तर २२ चे १७ झाले. तो वरचा दिवा, घड्याळ आणि टेपची मेमरी यांचा सामायिक फ्यूज, पाच मिलीअँप मेमरीला म्हणजे काहीच नाही, पुढे. सेंट्रल लॉकला थेट बॅटरीवरून वेगळी वायर ओढलीय, तिच्यात लाइनमध्येच एक फ्यूज होल्डर सापडला, तो काढला तर आणखी १२ कमी. उरलेले पाच इंजिनच्या कॉम्प्युटरचे असणार.

२२ मिलीअँपने दिवसाला अर्धा एएच जातो. या हिशोबाने गाडी महिनाभर उभी राहिली तरी चालू व्हायला हवी. आणि ती तीन दिवसांत मरतेय. मीटर खोटा म्हणावा तर व्होल्ट बरोबर दाखवतोय. काय करावं कळेना, टर्मिनल जोडलं, बाबांना संध्याकाळी पांढऱ्या समुद्रावर फिरवून आणलं.

३० जुलै

ऑफिसला जाताना सहज मापलं, ११.९४.

म्हणजे रविवारी २२ मिलीअँप पिणारी गाडी सोमवार-मंगळवारी तीनशे पितेय. भुताटकी. हिला सांगितलं तर म्हणाली, "विकून टाका आता ती." हा पर्याय नोंदीत लिहिला एवढंच.

२ ऑगस्ट, शनिवार

आज दिवसभर चुकीच्या ठिकाणी खोदकाम.

डोक्यात आलं की आल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) लीक असेल, कारण आल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीला जाते, आतल्या फ्यूज बॉक्समधून जातच नाही, म्हणजे फ्यूज काढून तो सापडणारच नाही. कुठेतरी वाचलं होतं की डायोड गेला की चार्जिंगमध्ये एसी (दिशा बदलत राहणारा करंट) मिसळतो, तो अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. गाडी चालू करून मीटर एसीवर टाकला तर ३० व्होल्ट! बॅटरीवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली. मग सहज दोन्ही वायरी उलट्या धरल्या तर शून्य. खरा एसी असता तर उलट धरून तेवढाच आला असता. हे अडीचशे रुपयांचे पिवळे मीटर एसीवर साध्या डीसीला पण दुपटीच्या वर काहीतरी दाखवतात, एका बाजूनेच. बॅटरीवाल्याची माफी परत घेतली.

बॉनेटखाली उंदराने वायरिंगची काळी नळी दीड वीत कुरतडलेली सापडली. आत एका वायरचं तांबं दिसत होतं. झालं, हाच चोर म्हणून ती सोडवली, चिकटपट्टी गुंडाळली, वर नवीन नळी घातली, आईने तंबाखूची पुडी दिली ती कोपऱ्यात बांधली. नंतर बघितलं तर ती वायर वायपरच्या पाण्याच्या मोटरची, किल्ली ऑन केल्याशिवाय तिच्यात करंटच नसतो. असो, काम चांगलंच झालं, पण चोर तो नव्हे. इंजिनला जाणारी अर्थची पट्टी हिरवी पडली होती ती पण घासून साफ केली, त्याने सेल्फ जरा जोरात फिरतो, बॅटरी उतरण्याशी त्याचा काही संबंध नाही हे कळत असूनही केली, हाताला काहीतरी पाहिजे होतं.

३ ऑगस्ट, रविवार

शेजारचे काका आले. एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. मी परत मायनसचं टर्मिनल काढायला पाना लावला होता. कठड्याला टेकून बघत होते, म्हणाले,

"तू दर वेळी टर्मिनल काढतोस?"

"हो काका, त्याशिवाय मीटर सिरीजमध्ये कसा लावणार?"

"अरे मग पेशंटला मारून ताप बघतोस की."

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. बॅटरी तोडली की गाडीतलं जे काही अर्धवट चालू राहिलेलं असतं, अडकलेला रिले (करंटवर चालणारा स्विच) म्हण, न झोपलेलं एखादं यंत्र म्हण, ते बंद होतं. परत जोडल्यावर ते शहाण्यासारखं गप्प बसतं, आणि तू त्या गप्प बसलेल्या गाडीचा करंट मापतोस. रात्री जी गाडी उभी असते ती ही नव्हेच.

मला तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं. महिनाभर मी दर वेळी पुरावा पुसून मग तपास करत होतो.

"मग न तोडता कसं मापायचं?"

"फ्यूजवर माप. फ्यूज म्हणजे पण एक तारच ना. करंट जात असेल तर तिच्या दोन टोकांत थोडासा व्होल्ट पडणारच. मिलीव्होल्टवर घे मीटर."

पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बाजूंना दोन बारीक भोकं असतात, धातू उघडा दिसतो, तिथे मीटरच्या टोच्या टेकवायच्या. फ्यूज जागेवरच, काहीच काढायचं नाही. मीटर २०० मिलीव्होल्टवर, सगळ्यात लहान आकडा ०.१. दहा अँपच्या फ्यूजचा रेझिस्टन्स साधारण साडेसात मिलीओहम, म्हणजे ०.१ दिसला तर तेरा-चौदा मिलीअँप. पंधरा अँपचा फ्यूज जाड, त्याचा पाचच्या जरा खाली, म्हणजे तेवढ्याच ०.१ ला वीसेक मिलीअँप. ही पद्धत मला आधी का कोणी सांगितली नाही! (कोणाला विचारलंच नव्हतं.)

पण काका म्हणाले आत्ता मापू नको, पाना लावून तू टर्मिनल हलवलंयस. "नेहमी जसं करता तसं करून ये. बाबांना घे. नेहमीसारखं जा, नेहमीसारखं ये, गाडी लाव. मग बघू."

तर बाबांना घेतलं, मासळी बाजारात गेलो, मी आत, बाबा गाडीत आकाशवाणी रत्नागिरी ऐकत, पाऊण तासाने परत. गाडी लावली, बाबा उतरले, मी लॉक केली. काकांनी वीस मिनिटं थांबायला लावलं, त्या वेळात बांगडे साफ झाले. मग ड्रायव्हरचा दरवाजा हळूच उघडला, बटणाला चिकटपट्टी, टॉर्च तोंडात, आणि एकेक फ्यूज.

० ० ० ० ०.१ ० ० आणि "रूम" वाल्यावर २.५.

२.५ भागिले ७.५. तीनशे तेहतीस मिलीअँप.

मी इतक्या जोरात ओरडलो की टॉर्च खाली पडला. फ्यूज उपटायला हात गेला तर काकांनी मनगट धरलं, "परत मारतोस?" बरोबर. फ्यूज काढला की पुन्हा सगळं शहाणं.

त्या फ्यूजवर तिघेच, वरचा दिवा, घड्याळ, टेप. दिवा बंद दिसतोय. घड्याळ एवढं पिऊच शकत नाही. टेपला हात लावला. स्क्रीन काळी, एक दिवा नाही, आवाज नाही, पण बाजूची पत्र्याची पेटी कोमट. पावसाळी हवेत, डॅशबोर्डच्या सावलीत, बंद असलेला टेप कोमट. २७ जुलैला हाच फ्यूज हातात घेऊन मी "मेमरीला पाच, पुढे" लिहिलंय. वर आहे, खोडत नाही.

खात्रीसाठी अजून एक प्रकार केला, तो पण काकांचाच. जंपर केबलचा एक चिमटा मायनसच्या पोस्टला आणि दुसरा गाडीच्या बॉडीला, मग टर्मिनलचा क्लॅम्प वर उचलला, करंट केबलमधून चालूच, काही तुटलं नाही. मग मीटर १० अँपवर पोस्ट आणि बॉडीच्या मधे लावला आणि शेवटी केबल काढली. ०.३५ अँप. जुळलं. मीटर असा मधे असताना किल्ली फिरवायची नाही हे स्वतःला तीनदा सांगितलं, सेल्फ शंभराच्या वर अँप खेचतो, मीटरचा कोळसा होईल.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी पौर्णिमा

ताई दुपारी यायची होती म्हणून सकाळीच डॅशबोर्ड उघडला. टेपची चौकट, चार स्क्रू, मागे वायरींचा गुंता.

अशा टेपला दोन लाइन लागतात. पिवळी म्हणजे कायमची, बॅटरीवरून, आठवणीसाठी आणि मुख्य पॉवरसाठी. लाल म्हणजे किल्लीची, किल्ली पहिल्या खाचेत आली की हिच्यात बारा व्होल्ट येतात, त्यावरून टेपला कळतं की मालक गाडीत आहे, आणि ती गेली की टेप खरोखर झोपतो. काळी अर्थ.

आमच्या टेपची लाल आणि पिवळी एकत्र पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. गाडीची किल्लीवाली मूळ वायर बाजूला तोंड बांधून लोंबत होती. म्हणजे टेपच्या दृष्टीने मालक दोन वर्षं गाडीतून उतरलेलाच नाही. बटण दाबून बंद केला की स्क्रीन विझते एवढंच, आतलं सगळं जागं. आणि बॅटरी तोडून जोडली की कोणी बटण दाबेपर्यंत हा टेप पूर्ण बंद राहतो, पाच मिलीअँप. मी मापताना टेप कशाला लावेन? म्हणून २२.

हे लावणाऱ्याला शिव्या घालायला तोंड उघडलं तेवढ्यात बाबा मागे उभे. म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्याला."

"काय?"

"किल्ली नसताना टेप लागला पाहिजे म्हणून. तू बाजारात जातोस, किल्ली घेऊन जातोस. मी काय नुसता बसून राहू?"

आता यावर काय बोलणार. टेप बसवणाऱ्याने गिऱ्हाइकाने मागितलं ते दिलं, आणि बाबा तेव्हा रोज गाडी चालवत होते, रात्रीत चार-साडेचार एएच जायचे ते सकाळी-संध्याकाळी रस्त्यावर बऱ्यापैकी भरून निघायचे, कोणाला पत्ताच नाही. बॅटरी तेव्हापासूनच अर्धपोटी होती. बाबांनी गाडी चालवणं थांबवलं आणि उधारी उघडी पडली.

लाल वेगळी केली. लोंबणाऱ्या वायरला टेस्ट लॅम्प लावून बघितला, किल्ली पहिल्या खाचेत लागतो, काढली की विझतो. तिला लाल जोडली, कथिलाने डाग दिला, वर स्लीव्ह चढवून लायटरने आवळली. पिळून चिकटपट्टी हा प्रकार आपल्या दमट हवेत दोन पावसाळे टिकत नाही. ताई आली तेव्हा हात काळे, ओवाळताना आईच्या शिव्या.

१० ऑगस्ट, रविवार

मुद्दाम टेप वाजवला, फिरून आलो, लॉक केली, वीस मिनिटांनी फ्यूजवर माप. रूम ०.०. कधी कधी ०.१ लुकलुकतो. जंपर लावून पूर्ण गाडीचा, २३ मिलीअँप.

झालं तर. काकांना फोन केला, म्हणाले, "बरं. बॅटरी एकदा बाहेर काढून पूर्ण चार्ज कर, इतके वेळा रिकामी झालीय, आयुष्य कमीच झालं असणार तिचं."

बाबा मात्र गप्प. जेवताना म्हणाले, "म्हणजे आता किल्लीशिवाय लागणार नाही." दुसरी किल्ली द्यावी तर ती ते पहिल्या खाचेत विसरणार, मग टेप आणि बॅटरी दोन्ही परत त्याच वाटेवर. शिवाय ती दुसरी किल्ली २०११ पासून सापडत नाहीये.

१६ ऑगस्ट, शनिवार

तोडगा. बारा व्होल्टचं एक टायमर रिलेचं सर्किट मागवलं, बटण दाबलं की ठरवलेला वेळ रिले ओढून धरतो आणि मग सोडतो. ४५ मिनिटांवर लावला. त्याचा बारा व्होल्ट टेपच्या लाल वायरला द्यायचा, म्हणजे टेपला वाटेल किल्ली लावलीय, पाऊण तासाने वाटेल काढली.

अडचण एकच, तसाच जोडला तर टायमरचा करंट उलट गाडीच्या किल्लीच्या लाइनमध्ये शिरेल आणि त्या लाइनवरचं बाकीचं पण जागं होईल, मोबाइल चार्जरचं सॉकेट वगैरे. म्हणून दोन डायोड, एक किल्लीच्या वायरमधून टेपकडे, एक टायमरमधून टेपकडे, दोघांची पट्टी टेपच्या बाजूला. १एन४००७ लावले, एक अँपचे, दोन-दोन रुपयांचे. ते पुरतील का हे आधी लाल वायरचा करंट मापून बघितलं, ९० मिलीअँप, मुख्य ओझं पिवळीवरच आहे. काही टेपमध्ये लालवर पण जास्त भार असतो म्हणे, त्यामुळे न मापता कोणी नक्कल करू नये.

टायमरवर एक लाल एलईडी कायम जळत होता, फुकटचे पाच-सहा मिलीअँप, त्याचा पाय कापला. बटण बाबांच्या सीटच्या बाजूला, कन्सोलवर. आता पूर्ण गाडी, सगळं बंद, ३० मिलीअँप. चालेल.

बाबांनी बटण दाबून बघितलं, टेप लागला. "हां," म्हणाले. पुढे काही नाही, पण संध्याकाळी खाली जाऊन उगाच अर्धा तास गाडीत बसून आले.

१७ ऑगस्ट

चार्जरवरून काढून जोडली, दुपारी १२.६५. आता पुढच्या रविवारपर्यंत हात लावायचा नाही. पाऊस धो धो आहे, तसंही कुठे जाणार.

२४ ऑगस्ट, रविवार

सात दिवस उभी. १२.४८. हिशोब, ३० मिलीअँप गुणिले १६८ तास, पाच एएच. बरोबर बसतं. किल्ली फिरवली, अर्ध्या फेरीत चालू. उतारावर लावायची सवय लागलीय ती आता मोडायला हवी, तोंड उताराकडे करून लावली की रोज शेजाऱ्यांची स्कूटर अडते.

खर्च: मीटरचे फ्यूज ५०, नळी-स्लीव्ह-चिकटपट्टी ११०, टायमर २८०, डायोड ४. काकांना बांगडे.

२६ ऑगस्ट, हरतालिका

उद्या गणपती. धाकट्या काकांचं कुटुंब मुंबईहून सकाळच्या तुतारी एक्स्प्रेसने येणार होतं, बाबा म्हणाले मी पण येतो. कुवारबावला स्टेशनवर पोचलो तर गाडी लेट, गणपतीच्या दिवसांत लेट नसती तरच काळजी वाटली असती. बाबांना गाडीत बसवलं, किल्ली माझ्याकडे, मी प्लॅटफॉर्मवर.

जवळजवळ तासाने फोन आला.

"अरे तुझा टेप बंद पडला."

"बाबा, पाऊण तास झाला. बटण परत दाबा."

"भजन अर्ध्यात गेलं ना."

टायमर ६० वर लावायचा आहे. गौरी-विसर्जन झाल्यावर बघू.